एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या!

दसरा-दिवाळी जवळ आली, की तुमच्या-आमच्या घरात एक विषय हमखास निघतो. सोयाबीन बाजारात गेलेलं असतं, कुणाची भिशी लागलेली असते, कुणाची बँकेतली ठेव पुरी झालेली असते, आणि नेमकी त्याच सुमारास मोबाइलवर जाहिरात झळकते: 'आता नव्या रूपात!' नाव ओळखीचंच, पण गाडीचा तोंडवळा नवा, आतला पडदा मोठा, रंगही कधी न पाहिलेला. घरातली पुरुषमंडळी ती जाहिरात चारदा बघतात, मुलं आठदा बघतात, आणि मग प्रश्न आपल्याकडे येतो, "काय गं, घेऊन टाकायची का?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला आपण बहुतेक वेळा काय उत्तर देतो? "मला काय कळतंय गाडीतलं? तुम्हीच ठरवा." आणि रंग तेवढा आपण निवडतो. यंदा मात्र तसं करू नका. हप्ता पाच वर्षं घरखर्चातूनच जायचा असतो. साडेनऊ टक्के व्याजानं आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं, तर महिन्याला सुमारे १६,८०० रुपये होतात. एवढे पैसे ज्या डब्यातून जाणार, त्या डब्याच्या मालकिणीनं दोन प्रश्न विचारले तर काय बिघडलं?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. अँबॅसेडर १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ पर्यंत जवळजवळ त्याच चेहऱ्यानं निघत राहिली. आता तसं राहिलेलं नाही. मारुतीची स्विफ्ट २००५ साली आली; २०११, २०१८ आणि २०२४ साली तिनं मुळापासून रूप बदललं. म्हणजे सहा-सात वर्षांनी गाडी कात टाकते. आपण नेमके त्याच वर्षी शोरूममध्ये गेलो, तर काय करावं?

पहिलं धिरडं

आपण धिरडी घालायला बसतो, तेव्हा पहिलं धिरडं तव्याला चिकटतंच. पीठ तेच, हात तोच. पण तवा किती तापलाय, पीठ किती पातळ हवं, हे पहिल्या धिरड्यानंच कळतं. दुसऱ्या-तिसऱ्यापासून जाळी सुरेख पडायला लागते. कारखान्याचंही असंच आहे. नव्या रूपाची गाडी निघते, तेव्हा पत्रा दाबायचे साचे नवे असतात, काही सुटे भाग नव्या पुरवठादाराकडून आलेले असतात, जोडणी करणाऱ्या कामगारांचा हात बसायचा असतो. कंपनी आधी चाचण्या घेते, नाही असं नाही. पण चाचणीच्या गाड्या मोजक्या. हजारो गाड्या हजारो घरांत जातात, वैशाखात अंगणात तापतात, श्रावणात भिजतात, शेताच्या वाटेवर आपटतात, तेव्हा काही दोष पहिल्यांदा उघडे पडतात.

दुसरी गोष्ट मेकॅनिकची. नवी गाडी त्यालाही नवीच असते. जुन्या मॉडेलचा आवाज ऐकूनच तो सांगतो, "ताई, बेअरिंग गेलंय." नव्याच्या बाबतीत तो आधी संगणक जोडतो, मग कंपनीला विचारतो, मग भाग मागवतो, आणि भाग अजून गोदामात आलेलाच नसतो.

माझ्याच माहेरची गोष्ट सांगते. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. माझा धाकटा भाऊ कळंबला असतो. त्यानं नव्या रूपातली गाडी बाजारात आल्यावर तिसऱ्याच महिन्यात घेतली. पेढे वाटले, लिंबू-मिरची बांधली, तुळजापूरला जाऊन आईच्या दारात हारही घातला. पहिला मोठा पाऊस झाला आणि डाव्या बाजूच्या दाराच्या रबरातून पाणी आत यायला लागलं. कारपेटखाली वायरिंगचा जोड होता, तो भिजून गंजला. गाडी सकाळी चालूच व्हायची नाही. लातूरच्या वर्कशॉपमध्ये ती तेवीस दिवस उभी होती, कारण वायरिंगचा तो तुकडा आलेला नव्हता. नेमका भावजयीला तेव्हा आठवा महिना. एका रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि दारातली गाडी दारात नव्हती. शेजाऱ्यांची जीप मिळाली म्हणून लातूर गाठता आलं. देवीच्या कृपेनं सगळं सुखरूप झालं. वॉरंटीत होतं, पैसा एक लागला नाही. पण त्या रात्रीची भरपाई कोणत्या वॉरंटीत बसते?

पुढच्या वर्षी त्याच्या शेजाऱ्यानं तीच गाडी घेतली. तिच्या दाराचं रबर वेगळं होतं, जाड आणि दुहेरी काठाचं. म्हणजे कंपनी शिकली होती, पण ती आमच्या गाडीवर शिकली होती.

मोठ्यांच्या घरीही

हे छोट्यामोठ्या कंपनीचं नाही, सगळ्यांचंच आहे. आपल्या भागात स्कॉर्पिओचं वेड किती, हे मी सांगायला नको. महिंद्रानं २०२२ च्या जून महिन्यात स्कॉर्पिओ-एन आणली. पुण्याजवळ चाकणला ती बनते. ३० जुलैला नोंदणी सुरू झाली आणि अर्ध्या तासात एक लाख नोंदण्या झाल्या! त्याच वर्षी कंपनीनं १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या ६,६१८ स्कॉर्पिओ-एन आणि १२,५६६ एक्सयूव्ही-७०० गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. क्लच बसतो त्या कवचातला एक रबरी भाग तपासायचा होता.

मारुतीची ग्रँड विटारा सप्टेंबर २०२२ मध्ये आली. डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत गाड्या परत बोलावण्याच्या यादीत तिचं नाव तीनदा आलं. एकदा पुढच्या सीटबेल्टसाठी, एकदा एअरबॅगच्या नियंत्रकासाठी, एकदा मागच्या सीटबेल्टच्या जोडासाठी. या शेवटच्या खेपेला ११,१७७ गाड्या होत्या. एअरबॅगच्या खेपेत वेगवेगळ्या मॉडेलच्या १७,३६२ गाड्या होत्या, आणि भाग बदलेपर्यंत गाडी वापरू नका, असं मालकांना सांगण्यात आलं होतं. त्या यादीत ईकोसारखी जुनी मुरलेली गाडीही होती, हेही खरं. म्हणजे दोष काही नव्याच गाडीत निघतो असं नाही.

आणि वर्षभर थांबलं की सगळं कळतं, असंही नाही. एक्सयूव्ही-७०० च्या इंजिनजवळच्या वायरी घासल्या जाण्याची शक्यता आहे म्हणून १,०८,३०६ गाड्या बोलावल्या, त्या ऑगस्ट २०२३ मध्ये. गाडी येऊन दोन वर्षं झाल्यावर!

गाडी परत बोलावली म्हणून कंपनीला लगेच नावं ठेवू नका. दोष लपवण्यापेक्षा सांगून फुकट दुरुस्त करून देणं केव्हाही चांगलं. पण पुण्यातल्या बाईसाठी ती दोन तासांची खोटी असते. उमरग्याच्या, भूमच्या, परांड्याच्या बाईला त्याच कामासाठी सोलापूर किंवा लातूर गाठावं लागलं, तर अख्खा दिवस मोडतो. म्हणून पुण्या-मुंबईच्या माणसाचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

नवं म्हणजे किती नवं?

आता दुसरी बाजू. 'नव्या रूपात' या शब्दांखाली दोन निरनिराळ्या गोष्टी खपतात. एक म्हणजे नुसती रंगरंगोटी: दिवे बदलले, बंपर बदलला, सीटचं कापड बदललं, इंजिन, गिअर, सांगाडा तोच. अशी गाडी पहिल्या महिन्यात घेतली तरी फारसा धोका नाही. जुन्याच लुगड्याला नवे काठ!

दुसरा प्रकार म्हणजे मुळापासूनचा बदल. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचं इंजिन जाऊन तीन सिलिंडरचं नवं इंजिन आलं. तिथे थोडं थांबून पाहणं शहाणपणाचं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या नव्या डिझायरमध्ये तेच इंजिन होतं, म्हणजे तोवर ते सहा महिने रस्त्यावर पळून झालेलं होतं. हा फरक ध्यानात ठेवा. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारा: "इंजिन आणि गिअरबॉक्स आधी कुठल्या गाडीत होते, आणि किती वर्षं?" विक्रेता गोंधळला, तर समजा, की प्रश्न बरोबर जागी लागला.

नव्यामुळे फायदाही मोठा होतो, तो लपवून चालणार नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत २०२२ साली तेव्हाच्या स्विफ्टला एकच तारा मिळाला होता. २०२४ च्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले आणि सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅगा आल्या. आपली मुलं मागच्या सीटवर बसतात. त्यांच्यासाठी असा बदल झाला असेल, तर जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून तिच्याकडे वळू नका. नव्याचीच वाट पाहा; फक्त तिला जरा मुरू द्या.

"पण आता किंमत कमी आहे!"

विक्रेता हे सांगणारच, आणि ते खोटंही नसतं. स्कॉर्पिओ-एनची सुरुवातीची किंमत पहिल्या २५,००० नोंदण्यांपुरती होती. डिझायरची ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत. नंतर भाव वाढतो. पण पहिल्या वर्षी मागणी असते, तेव्हा सूट मिळत नाही, आणि कधी कधी महिनोन् महिने वाट पाहावी लागते. गर्दी ओसरली, की वर्षअखेरीला विक्रेता स्वतःच फोन करतो. मात्र डिसेंबरात स्वस्त मिळालेली गाडी जानेवारीत एक वर्षाची म्हातारी होते, कारण पुढे विकताना बनावटीचं साल बघतात. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल, तर याची काळजी नको. सरकारी कर कधी कसा बदलेल, हेही सांगता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला. त्याआधी महिनाभर घाई केलेल्यांना चुटपुट लागलीच ना!

मग घ्यायची कुणी?

आमचे हे म्हणाले, "सगळेच थांबले, तर पहिली गाडी घेणार कोण?" प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घरी दुसरी गाडी आहे, ज्यांच्या गावातच कंपनीचं वर्कशॉप आहे, ज्यांना नव्याची हौस आहे आणि थोडा मनस्ताप सोसायची तयारी आहे, त्यांनी जरूर घ्यावी. पण ज्या घरात एकच गाडी, आणि तिच्यावर कुणाचं तरी दुखणं-बाळंतपण, कुणाची तरी नोकरी अवलंबून, त्या घरानं गाडीला एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढू द्यावा. आपल्याकडच्या वैशाखात तिचा एसी किती थंड करतो, आणि श्रावणात तिच्या पायाशी पाणी येतं का, हे दुसऱ्यांच्या गाड्यांवर कळू द्यावं. नंतर एमएच-२५ पाटी लावलेली तशी गाडी दिसली, की तिच्या मालकिणीला खुशाल विचारा. बाई दुसऱ्या बाईला खरं सांगते.

आणि थांबणं शक्यच नसेल, तर एवढं करा:

१. गाडी आरटीओत नोंदवण्याआधी दिवसाउजेडी स्वतः जाऊन पाहा. सगळी दारं, काचा, दिवे, एसी, पडदा, सुटं चाक तपासा. नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळणं अवघड.

२. गाडी कोणत्या महिन्यात बनली, ते विचारून लिहून घ्या. अगदी पहिल्या खेपेची नको, नंतरची द्या, असं सांगायला लाजू नका.

३. चासी नंबर वहीत लिहून ठेवा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो घालून आपली गाडी परत बोलावली आहे का, हे पाहता येतं. दर तीन महिन्यांनी पाहा.

४. वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, वाढवून मिळते का, हे लेखी घ्या. पहिल्या वर्षाच्या गाडीला वाढीव वॉरंटी घेणं शहाणपणाचं.

५. गाडी वर्कशॉपला दिली, की तारखेसह तक्रारीचा कागद घ्या आणि जपून ठेवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

तो कागद का जपायचा, हेही सांगते. १ एप्रिल २०२१ पासून, एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकतं. तशीच वेळ आली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी सोलापुरात घेतली असली, तरी तक्रार धाराशिवला चालते.

आमच्या घरी काय ठरलं, विचाराल. सासूबाईंना दर पंधरा दिवसांनी सोलापूरला दवाखान्यात न्यावं लागतं. आमची गाडी अकरा वर्षांची आहे, रंग उडालाय, मागचं एक दार आतून उघडत नाही. पण तिची प्रत्येक खोड आम्हाला ठाऊक आहे, आणि आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकलाही. नव्या रूपाची गाडी सगळ्यांना आवडली, मलाही आवडली. तरी पुढच्या पाडव्यानंतरचा पावसाळा सरेपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर हप्त्याएवढी रक्कम दरमहा बँकेत वेगळी टाकते आहे. कर्ज तेवढंच कमी काढावं लागेल, आणि हप्ता पेलतो की नाही, हेही कळेल.

सासूबाई परवा गाडीत बसता बसता म्हणाल्या, "नवी आण गं बाई, पण मला वाटेत उतरवणारी आणू नको." गाडी घेताना यापेक्षा जास्त काय पाहायचं असतं?