मोतीची शेपटी आणि आपली शाबासकी

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण आपण सर्वांनीच घरी कधी ना कधी ऐकली आहे. जडलेली सवय सुटत नाही, असा तिचा अर्थ. आमच्या घरच्या मोतीने मात्र आम्हाला या म्हणीचा पुन्हा विचार करायला लावला. आपल्या शाळेतील अनेक मुलांच्या घरी कुत्री आहेत. आमचा अनुभव आणि त्या निमित्ताने झालेला अभ्यास त्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेख.

मोती साधा गावठी कुत्रा. जुन्या उज्जैनमधील आमच्या वाड्याच्या मागे झालेल्या पिलांपैकी एक. मुलांच्या हट्टापायी तो जेमतेम महिन्याचा असतानाच आम्ही त्याला घरात आणले. वाड्याला चौक होता, माणसांची ये-जा होती, मोतीचा दिवस मजेत जाई. पुढे आम्ही फ्रीगंजमध्ये फ्लॅटवर राहायला आलो. दिवसा सगळे आपापल्या कामाला आणि मोती गॅलरीत साखळीला. काही महिन्यांतच तो स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरू लागला. आधी आम्ही हसलो. पाहुणे आले की मुले त्याला मुद्दाम फिरायला लावत. मग तो रात्रीही फिरू लागला, जेवणाची ताटली तशीच राहू लागली. एक दिवस त्याने शेपटीचे टोक चावून रक्त काढले. तेव्हा आमचे हसणे थांबले आणि रागावणे सुरू झाले. रागावल्याने फिरणे कमी तर झाले नाहीच, उलट वाढले. आजी एवढेच म्हणाली, "अरे, भैरवनाथाचे वाहन आहे ते. मारू नका, आधी त्याला काय होतंय ते बघा."

खोडी नव्हे, त्रास

पिल्लू खेळताना दोन-चार वेळा शेपटी पकडायला धावते, त्यात काळजीचे काही नाही. पण तीच कृती कारण नसताना पुन्हा पुन्हा होऊ लागली, हाक मारूनही थांबेना आणि खाणे-झोपणे बिघडले, तर तो आजार समजावा. माणसांत ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो, त्याच्याशी याचे बरेच साम्य आहे. कोणी कुत्रा पुढचा पाय चाटत राहतो, इतका की तिथे जखम होते. कोणी भिंतीवरच्या सावलीमागे किंवा उजेडाच्या कवडशामागे धावतो. डॉबरमन जातीचे काही कुत्रे स्वतःची कूस किंवा चादर चोखत बसतात. 2010 साली अमेरिकेतील संशोधकांना डॉबरमनच्या या सवयीचा संबंध त्यांच्या सातव्या गुणसूत्रावरील एका भागाशी आढळला. म्हणजे काही अंशी हे रक्तातच असते.

पण सगळेच रक्तात नसते. 2012 साली फिनलंडमधील संशोधकांनी चार जातींच्या 368 कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा केली. शेपटीमागे धावणारे कुत्रे इतरांपेक्षा लवकर आईपासून तोडले गेले होते, असे त्यात दिसले. हे वाचले तेव्हा महिन्याच्या पिलाला उचलून आणणारे आमचेच हात आम्हाला आठवले. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे. त्यानंतर कंटाळा, एकटेपणा, साखळी, मोठे आवाज आणि घरातील भांडणे या गोष्टीही सवयीला खतपाणी घालतात.

आधी डॉक्टर

सवय म्हणून सोडून देण्याआधी कुत्र्याला पशुवैद्यांकडे न्यावे. पिसवा, गोचिडी, त्वचेची अ‍ॅलर्जी, गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरणे, पाठीचे दुखणे किंवा फिट्स यांमुळेही कुत्रा शेपटीकडे वळतो. घरी दिसणारा प्रकार दवाखान्यात दिसेलच असे नाही, म्हणून मोबाइलवर काढलेली चित्रफीत बरोबर न्यावी. हसण्यासाठी काढलेली आमची चित्रफीत तिथेच पहिल्यांदा खऱ्या कामाची ठरली. आपल्या शहरात पशुवैद्य आहेत आणि गुंतागुंतीच्या आजारासाठी महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार दूर नाही. त्रास फार असेल तर डॉक्टर मनाच्या आजारावरील औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि शिकवण्याची जोड त्यालाही लागतेच. माणसांची औषधे आपल्या मनाने कुत्र्याला कधीही देऊ नयेत.

बक्षीस काम कसे करते?

1898 साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांना पेटीत ठेवून प्रयोग केले. ज्या कृतीने दार उघडून खाऊ मिळे, ती कृती मांजर पुढे अधिकाधिक लवकर करू लागे. ज्याचे फळ गोड, ती कृती पुन्हा घडते, हा नियम त्यातून निघाला. आजही चेंडू किंवा खाऊ यांच्या बक्षिसावर शोधकार्याचे श्वान तयार होतात. आपल्याच प्रदेशात ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे.

आता हाच नियम मोतीला लावून पाहा. तो फिरू लागला की आम्ही हसत होतो, ओरडत होतो, धावत जात होतो. दिवसभर एकट्या असलेल्या कुत्र्याला आमचे ओरडणेही लक्ष दिल्यासारखेच वाटत असावे. आणि तो शांत बसला की आम्ही त्याच्याकडे पाहतच नव्हतो. म्हणजे शांत बसण्याचे बक्षीस शून्य! शिक्षेने भीती वाढते, भीतीने ताण वाढतो आणि ताण वाढला की फिरणे वाढते. म्हणून "हे करू नको" एवढे सांगून भागत नाही. त्या जागी काय करायचे, ते शिकवावे लागते.

आम्ही काय केले

1. आठवडाभर वहीत नोंद ठेवली. मोती कधी फिरला, त्याआधी काय झाले होते? दाराची घंटा, कुकरची शिट्टी आणि संध्याकाळी सगळे घरी येण्याची वेळ, ही तीन कारणे सापडली.

2. साखळी काढली. सकाळी ऊन चढण्याआधी कोठी रोडला फिरवणे ठरवले. रस्त्यात वास घ्यायला त्याला भरपूर वेळ दिला, कारण वास घेणे हा कुत्र्याचा अभ्यासच असतो.

3. जेवणाचा काही भाग ताटलीत न देता जुन्या खोक्यात, कागदाच्या गुंडाळ्यांत लपवून दिला. शोधून खाण्यात त्याचा अर्धा तास जाऊ लागला.

4. घर शांत असताना त्याला "चटईवर" हा शब्द शिकवला. पाय चटईवर पडताक्षणी "शाब्बास" म्हणायचे आणि लगेच पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यायचा. बक्षिसाला उशीर झाला, तर ते कशाबद्दल मिळाले हे कुत्र्याला कळत नाही. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा.

5. चटई पक्की झाल्यावर घंटा आधी हळू, मग मोठ्याने वाजवून तोच सराव केला.

6. फिरण्याआधी मोती कान ताठ करून मान मागे वळवतो, हे नोंदींतून कळले होते. त्याच क्षणी शांत आवाजात "चटईवर" म्हणायचे. एकदा गरगर सुरू झाली, तर खाऊ दाखवायचा नाही, नाही तर फिरण्यालाच बक्षीस मिळते. ओरडायचेही नाही. तो थांबला की चटईवर बोलवायचे आणि काही क्षण शांत राहू द्यायचे. खाऊ त्यानंतर.

यात घरातील सर्वांनी एकच शब्द आणि एकच पद्धत पाळावी. बक्षिसाचे तुकडे रोजच्या जेवणातून वजा करावेत, नाही तर कुत्रा लठ्ठ होतो. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे आणि कांदा कुत्र्याला विषारी असतात. आणि मुलांनो, लेझर टॉर्चचा ठिपका जमिनीवर फिरवून कुत्र्याला धावायला लावू नका. तो ठिपका त्याला कधीच पकडता येत नाही, आणि काही कुत्र्यांना त्यातूनच उजेडामागे धावण्याचे वेड लागते.

किती दिवसांत गुण येतो?

पहिले दोन आठवडे आम्हाला काहीच फरक वाटला नाही. तिसऱ्या महिन्यात, दिवसातून दहा-बारा वेळा फिरणारा मोती आठवड्यातून एक-दोनदा फिरू लागला. शेपटीची जखम भरली, तिथे केस आले. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने सवय पुन्हा उसळली. तेव्हा खिडक्या लावून, पडदे ओढून, चटई आतल्या खोलीत नेऊन आम्ही पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. या वेळी दहा दिवसांत तो सावरला. सवय मुळातून गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण ताण आला की कुठे जायचे, हे आता त्याला माहीत आहे.

काळभैरवाच्या देवळात आपण भैरवाच्या वाहनालाही हात जोडतो, दत्ताच्या तसबिरीतील चार कुत्र्यांनाही नमस्कार करतो. घरातला कुत्रा गरगर फिरताना दिसला, तर त्याच्याभोवती जमून हसू नका आणि काठीही उचलू नका. मोठ्यांना सांगा, वही घ्या, नोंद करा. आणि तो कोपऱ्यात निवांत बसलेला असेल, तेव्हा जवळ जाऊन त्याला हळूच "शाब्बास" म्हणा. आम्हाला ते सुचायला फार उशीर झाला.