भिंत मोडून केलेला 'घाशीराम'

'घाशीराम कोतवाल' म्हटलं की आधी आठवते ती भिंत. धोतर-पगडीतली माणसं एका ओळीत उभी राहतात, डुलतात, गातात आणि पाठ फिरवली की त्यांचाच पडदा होतो. पडद्याआड पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस याची बावनखणी, म्हणजे कलावंतिणींची वस्ती, रंगते. पडदा वळला की तीच माणसं पुन्हा भजनाला लागतात. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात हे पहिल्यांदा घडलं. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. एकोणीस प्रयोगांनंतर पी.डी.ए. या मूळ नाट्यसंस्थेने नाटक थांबवलं. मग कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये ते पुन्हा उभं केलं. वाद, मोर्चे, १९८० चा युरोप दौरा हे सगळं पुष्कळांना ठाऊक असतं.

या नाटकावर १९७६ साली मराठीत चित्रपटही झाला, हे मात्र फारच थोड्यांना माहीत आहे. मी नाटकाच्या जुन्या प्रेक्षकांना त्याबद्दल विचारलं, तेव्हा बहुतेकांनी मलाच उलट विचारलं, "सिनेमा? कधी आला होता?"

तो केला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी. 'युक्त' नावाची सहकारी संस्था त्यांनी स्थापन केली होती. दिग्दर्शक म्हणून नावं चार: के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप. छायालेखकही एकापेक्षा जास्त. पटकथा तेंडुलकरांची, संगीत चंदावरकरांचंच. नानाच्या भूमिकेत पुन्हा मोहन आगाशे. नाना ज्याला कोतवाल करतो तो घाशीराम मात्र बदलला. रंगमंचावर तो रमेश टिळेकरांनी साकारला होता, इथे ओम पुरी आले. पडद्यावरची त्यांची ही पहिलीच मोठी भूमिका.

आता त्यातली खरी विलक्षण गोष्ट. इतकं गाजलेलं गाणं-नाचणं हाताशी असताना या मंडळींनी ते जसंच्या तसं टिपायचं नाकारलं. भिंतीचं जे काम होतं, दाखवायचं काय आणि झाकायचं काय हे ठरवण्याचं, ते त्यांनी कॅमेऱ्याकडे दिलं. नाटकातली भिंत आपल्याला सामील करून घेते. तिच्या तालावर आपण डोलतो आणि मग दचकतो. सिनेमात डोलायची सोय नाही. माणसं उघड्यावर, अंतर राखून उभी असतात, आणि नाना-घाशीरामाच्या गोष्टीभोवती पेशवाईच्या उतरणीचा, इंग्रजांच्या वाढत्या पावलांचा इतिहास येऊन बसतो. शेवटी तर जवळजवळ अख्खं रीळ संपेपर्यंत न तुटणारा एकच शॉट आहे. एक माणूस चुकला की सगळं पहिल्यापासून, अशी ही जोखीम. तो शॉट बघताना मला नाटकातल्या बारा-चौदा जणांची शिस्तच आठवत राहिली.

सत्ता आधी एक घाशीराम तयार करते आणि काम झालं की त्याला जमावापुढे फेकते, हे नाटकाचं मर्म. इतिहासातला कोतवाल घाशीराम सावळदास १७९१ मध्ये पुण्यात असाच दगडांनी मारला गेला. कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, त्याचा तो सूड होता. सिनेमा झाला तेव्हा देशात आणीबाणी होती. त्या काळात हा विषय हाती घ्यायला छाती लागते.

सिनेमा सोपा नाही, आणि काही जागी कोरडा आहे. नाटकाच्या गोडीची अपेक्षा धरून बसलेला माणूस वैतागेल. तरी माझ्या मते आपल्याकडच्या नाटकावरून झालेल्या चित्रपटांत इतका धीट प्रयत्न दुसरा नाही. नाटकाचा मान राखायचा तर त्याची सर्वांत लाडकी गोष्टच सोडावी लागते, हे या मुलांना कळलं होतं.

पण तो चित्रपट जपला कुणी? बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात त्याची प्रत होती. तिच्यावरूनच डिजिटल आवृत्ती तयार झाली. पुण्यातल्या नाट्यसंस्थांना आणि फिल्म सोसायट्यांना माझी विनंती आहे: ती आवृत्ती मागवा आणि एकदा भरत नाट्य मंदिरातच दाखवा.