लिस्बन–माद्रिद: घड्याळातला वेळ आणि हवेतला वेळ

लिस्बन ते माद्रिद हवाई अंतर (दोन ठिकाणांमधलं थेट अंतर) सुमारे 500 किलोमीटर. ताशी 800च्या वेगाने पाऊण तासही लागू नये, पण वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास धरलेला असतो. कारण तिथे ब्लॉक टाइम (विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ) मोजतात. सिग्नलला थांबलेल्या रिक्षाचंही मीटर चालूच असतं, तसं. शिवाय एवढ्या पल्ल्यात बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. मग परतीचं विमान वेळापत्रकात वीसेक मिनिटांत पोचलेलं कसं दिसतं? वेळा स्थानिक असतात आणि लिस्बनचं घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे आहे, म्हणून. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाताना वारा बहुधा समोरून येतो. कागदावर चुटकीसरशी होणारा हाच प्रवास हवेत जरा जास्तच रेंगाळतो.