अडकलेले अपडेट आणि गासमधील घरचा संगणक

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला, समुद्राकडे सरकत जाणाऱ्या पट्ट्यात वसलेले गास हे वसई तालुक्यातील वाड्यांचे गाव असून, तेथील घरगुती संगणक हा बहुधा साऱ्या घराने मिळून वापरायचा संगणक असतो. मुलांचे प्रकल्प, नोकरीचे अर्ज, जमिनीच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, लग्नसमारंभांची छायाचित्रे आणि क्वचित सामवेदी बोलीतील गाण्यांची ध्वनिमुद्रणे असा घराचा संचय त्या एकाच डिस्कवर साठलेला असतो. अशा संगणकाचे विंडोज अपडेट वारंवार अपयशी ठरू लागले, की दुकानातून ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी असते. फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरील मजकूर पुसून संगणकप्रणाली नव्याने बसवणे. हा उपाय अखेरचा असायला हवा, पहिला नव्हे. कारण बहुतेक अपयशांचे कारण शोधता येते, ते क्रमाने शोधावे लागते आणि गाससारख्या ठिकाणी त्या क्रमाची सुरुवात संगणकाच्या पेटीबाहेर, वीज आणि इंटरनेट यांच्यापासून होते.

मायक्रोसॉफ्ट ही कंपनी विंडोजची सुरक्षाविषयक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते आणि हा शिरस्ता २००३ पासून चालत आलेला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे १० वाजलेले असताना भारतात ऋतुमानानुसार रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, त्यामुळे येथील घरांत अपडेटची खरी गाठ पडते ती बुधवारी किंवा त्यानंतर. अपडेटचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात संगणक चालू असतानाच नव्या फाइल उतरवून, त्यांच्या डिजिटल सह्या तपासून, त्या बाजूला मांडून ठेवल्या जातात; दुसऱ्या टप्प्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होताना जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसवल्या जातात, कारण वापरात असलेली फाइल चालू प्रणालीला बदलता येत नाही. या दुसऱ्या टप्प्यात काही बिनसले, तर प्रणाली केलेले बदल मागे घेते आणि ‘बदल पूर्ववत करत आहोत, संगणक बंद करू नका’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. पाहणाऱ्याला हा बिघाड वाटला, तरी ती विचारपूर्वक आखलेली माघार असते; अर्धवट बदललेल्या प्रणालीपेक्षा जुनी पण पूर्ण प्रणाली बरी, या तत्त्वावर ती चालते. म्हणूनच त्या क्षणी बटण दाबून संगणक बंद करणे हे मूळ दोषापेक्षाही अधिक नुकसानकारक ठरू शकते.

या सूचनेमागे वीज अखंड राहील असे गृहीत धरलेले असते. गासमध्ये वीजवाहिन्या माडांच्या आणि केळीच्या वाड्यांतून जातात, आणि पावसाळ्यात एखादी झावळी तारेवर पडली तरी लाईट जाते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत तर वसई-विरार पट्ट्यात पाणी साचून रेल्वेसेवा बंद पडली होती आणि अनेक भागांचा वीजपुरवठा खंडित झाला होता. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, परंतु सुटे भाग जोडून तयार केलेल्या म्हणजे असेंबल्ड संगणकाला यूपीएस नसेल, किंवा त्याची बॅटरी थकलेली असेल, तर एका झटक्यात वीज जाते आणि लिहिल्या जात असलेल्या फाइली अर्धवट राहतात. म्हणून अपडेट पुन्हा लावून पाहण्यापूर्वी यूपीएस भाराखाली किती मिनिटे टिकतो हे तपासणे, आणि वादळी रात्र टाळून दिवसाची वेळ निवडणे, ही दुरुस्तीची पहिली पायरी ठरते.

दुसरी पायरी इंटरनेटची. घरातील जोडणी बंद असताना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवला जातो, आणि ती जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायची, अशी नोंदवलेली असेल तर विंडोज बहुतेक अपडेट आपणहून उतरवत नाही. येथे दोष कशातच नसतो. फक्त ती खूण काढावी लागते किंवा उतरवण्यास स्पष्ट परवानगी द्यावी लागते.

याच पायरीवर एक लहानसा, सहज नजरेआड होणारा भाग तपासण्याजोगा असतो. मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य पट्टीवर, नाण्याच्या आकाराचा सीआर २०३२ जातीचा तीन व्होल्टचा सेल बसवलेला असतो आणि वीज नसतानाही संगणकाचे घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम असते. काही वर्षांनी तो उतरतो. मग मुख्य स्विच बंद करून पुन्हा लावला, की पडद्याच्या कोपऱ्यात काही वर्षांपूर्वीची तारीख उमटते. अपडेटचा सर्व्हर खरा आहे याची खात्री संगणक ज्या डिजिटल प्रमाणपत्रावरून करतो, त्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. चुकीची तारीख धरून बसलेल्या संगणकाला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे वाटते, तो जोडणी नाकारतो आणि वापरकर्त्याला मात्र केवळ ‘अपडेट अयशस्वी’ एवढेच दिसते. सेल बदलून तारीख दुरुस्त केल्यावर असे अपडेट अन्य काही न करता पुढे सरकते.

या बाह्य गोष्टी नीट असूनही अपयश येत असेल, तर पडद्यावर दिसणाऱ्या त्रुटिसंकेताकडे वळावे लागते. हा संकेत शून्य आणि एक्सने सुरू होणाऱ्या षोडशमान पद्धतीत, म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्या अंकपद्धतीत, लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, ८००७००७० या संकेतातील ८००७ हे पहिले चार अंक त्रुटी विंडोजच्या सर्वसाधारण यादीतील आहे एवढे सांगतात. शेवटचा ७० हा आकडा दशमान पद्धतीत ११२ होतो, आणि त्या यादीत ११२ चा अर्थ डिस्कवर जागा नाही असा आहे. सी ड्राइव्ह भरलेला असताना मोठे अपडेट बसूच शकत नाही, कारण नव्या फाइलींबरोबरच माघारीसाठी जुन्याही सांभाळाव्या लागतात. येथे डिस्क क्लीनअपने तात्पुरत्या फाइली काढणे आणि व्हिडिओ बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवणे पुरेसे असते. विंडोजच्या फोल्डरमधील फाइली हाताने पुसणे मात्र कटाक्षाने टाळावे लागते.

संकेत इतका स्पष्ट नसेल, तेव्हा नोंदवह्या उघडाव्या लागतात. विंडोजच्या फोल्डरमध्ये लॉग्ज आणि त्यात सीबीएस नावाचे फोल्डर असते. तेथील सीबीएस लॉग या मजकूर-फाइलीत घटक बसवण्याच्या प्रत्येक हालचालीची तारीख-वेळेसह ओळ लिहिलेली सापडते. ही फाइल प्रचंड मोठी असल्यामुळे ती वरून खाली वाचायची नसते. अपयशाची वेळ लक्षात ठेवून त्या मिनिटापाशी जायचे, ‘एरर’ हा शब्द शोधायचा आणि पहिल्या त्रुटीपाशी थांबायचे, कारण त्यानंतरच्या बहुतेक ओळी त्या पहिल्या त्रुटीचेच पडसाद असतात. कोणती फाइल सापडली नाही किंवा कोणत्या घटकाची सही जुळली नाही, हे तिथे बऱ्याचदा नावानिशी मिळते.

उतरवलेला मजकूरच खराब झाला असल्याचे दिसले, तर विंडोज अपडेट, मागील बाजूने फाइली उतरवणारी बिट्स आणि सह्या तपासणारी क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस या सेवा थांबवून सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन या फोल्डरचे नाव बदलले जाते. नाव बदलल्याने मूळ फोल्डर शाबूत राहते, सेवा पुन्हा सुरू झाल्या की प्रणाली त्याच नावाचे नवे फोल्डर तयार करते आणि अपडेट पहिल्यापासून उतरवते. झालेल्या अपडेटची यादी या कृतीने रिकामी दिसते, परंतु बसलेली अपडेट निघून जात नाहीत.

बिघाड त्याहून खोल, म्हणजे प्रणालीच्या मूळ घटकांच्या साठ्यात असेल, तर डीआयएसएम आणि एसएफसी या दोन आज्ञा त्याच क्रमाने चालवायच्या असतात. डीआयएसएम साठा तपासून त्यातील खराब घटकांच्या जागी चांगले घटक आणते, आणि एसएफसी त्या दुरुस्त साठ्यातून चालू प्रणालीच्या फाइली पुन्हा भरते. साठाच खराब असताना एसएफसी आधी चालवली, तर तिला चांगली प्रत मिळणार कुठून, हा प्रश्न उरतो. डीआयएसएम चालू असताना टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबलेली दिसते; त्या वेळी आतील काम थांबलेले नसल्यामुळे खिडकी बंद न करता वाट पाहणे हेच योग्य असते. ही आज्ञा चांगले घटक सहसा इंटरनेटवरून आणत असल्यामुळे, जोडणी कमकुवत असेल तर विंडोजच्या त्याच आवृत्तीची प्रतिमा-फाइल पेन ड्राइव्हवर आणून ती स्रोत म्हणून दाखवता येते.

एवढे करूनही तोच दोष परतत असेल, तर संशय हार्डडिस्कवर जातो. जुन्या फिरत्या डिस्कवर काही भाग वाचता न येण्याजोगे होतात आणि अपडेटसारखे भरपूर लेखन-वाचन त्या भागांना उघडे पाडते. येथे तपासणीच्या आधी घरातील सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी लागते, कारण मरणासन्न डिस्कवर दीर्घ तपासणी चालवल्यास ती त्याच वेळी बंद पडू शकते. प्रत घेऊन झाल्यावर, डिस्क ठीक असेल तर विंडोजच्या प्रतिमा-फाइलीतून सेटअप चालवून ‘वैयक्तिक फाइली आणि अ‍ॅप ठेवा’ हा पर्याय निवडता येतो. त्यामुळे प्रणाली नव्याने बसते आणि घरचा संचय जागच्या जागी राहतो. दुकानातील फॉरमॅट आणि ही दुरुस्ती यांतील मोठा फरक हाच आहे.

दोष नेहमी घरातल्या संगणकाचाच असतो असेही नाही. ९ जानेवारी २०२४ रोजी आलेले विंडोज १० चे एक अपडेट जगभर असंख्य संगणकांवर ८००७०६४३ हा संकेत दाखवून अडकले. त्यातील ६४३ म्हणजे दशमान १६०३, आणि त्याचा अर्थ केवळ ‘स्थापना करताना गंभीर त्रुटी’ एवढाच होता. खरे कारण असे, की संकटकाळी वापरायच्या रिकव्हरी विभागात आवश्यक असलेली सुमारे २५० एमबी मोकळी जागा पुष्कळ संगणकांवर नव्हती, आणि ती कशी वाढवावी याच्या सूचना कंपनीला स्वतंत्रपणे द्याव्या लागल्या. संकेत शोधाची दिशा दाखवतो, निकाल देत नाही, आणि म्हणून तपासणी करणाऱ्याने संकेताबरोबर अपडेटचा क्रमांकही टिपून ठेवणे अगत्याचे आहे.

हे सारे कष्ट घ्यावेत का, असा प्रश्न कुटुंबे विचारतात, आणि अपडेटच बंद करून टाकण्याचा मोहही होतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरला तिचे सुरक्षा-अपडेट त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध झालेले होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी वर्षभराच्या वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या पात्र प्रोसेसरांच्या यादीत बसत नाहीत. जुन्या संगणकांच्या घरांत यापुढे अपडेट अपयशी ठरेल, तेव्हा यंत्र बिघडले आहे की नियमांनुसार अपात्र ठरले आहे, हे आधी वेगळे करावे लागेल. दोन्ही प्रसंगी कुटुंबाचे संरक्षण करणारी गोष्ट एकच: कागदपत्रे, छायाचित्रे आणि आवाज यांची दुसरी प्रत घरातच वेगळ्या डिस्कवर असणे. ती प्रत असेल, तर वीज, इंटरनेट, घड्याळ, जागा, नोंदवही, साठा आणि डिस्क या क्रमाने निर्धास्तपणे तपासणी करता येते, आणि अखेरीस फॉरमॅट करण्याची वेळ आलीच, तरी तो निर्णय घरचे लोक समजून-उमजून घेऊ शकतात.