दीर्घ रात्र, आखूड उत्तर

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिका संपून आता काही वर्षे लोटली, तरी आमच्या अध्यापक-कक्षात तिच्या शेवटच्या पर्वाचा विषय निघाला की आवाज अजून चढतात. त्यातही २८ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेत प्रक्षेपित झालेला ‘द लाँग नाईट’ हा महायुद्धाचा भाग विशेष वादाचा. ज्यांनी मालिका निष्ठेने पाहिली ते या भागावर रुष्ट आहेत. ज्यांनी पाहिली नाही ते त्यांच्या रोषाची थट्टा करतात. करमणुकीच्या एका मालिकेतली लढाई फसली, त्यात हळहळण्यासारखे काय, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. पण त्याचे उत्तर वाटते तितके क्षुल्लक नाही.

थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवर आधारलेली ही मालिका २०११ साली सुरू झाली. वेस्टरॉस नावाच्या कल्पित भूखंडावर एका सिंहासनासाठी मातब्बर घराणी परस्परांच्या जिवावर उठली आहेत. आणि त्याच वेळी उत्तरेच्या हिमप्रदेशातून मृतांची एक सेना सावकाश दक्षिणेकडे सरकते आहे. या सेनेला ना तहाची भाषा कळते, ना खंडणीची. मालिकेचे पहिले दृश्यच या संकटाचे आहे. ते आले तर सिंहासन भोगायला कोणीही उरणार नाही, हे काहींना उमगलेले असते. परंतु त्याच्या निवारणाचा भार शेजाऱ्याने उचलावा, असेच जवळजवळ प्रत्येकाला वाटते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परिचित आहे. गावाच्या वरच्या अंगाला बंधारा बांधला तर सर्वांचीच शेते पुरापासून वाचतात. म्हणूनच तो बांधण्यासाठी पदरमोड करायला कोणी सहजासहजी पुढे येत नाही. लाभ सर्वांचा आणि खर्च मात्र एकेकाचा, अशा ठिकाणी प्रत्येकाचा शहाणपणा मिळून सर्वांचा वेडेपणा होतो. हवामानबदलाचा प्रश्न याच जातीचा आहे, आणि आपल्या कथेशी असलेले त्याचे साम्य खुद्द मार्टिन यांनी २०१८ मध्ये एका मुलाखतीत मान्य केले होते. वर्गात हा सिद्धांत शिकवताना मी वर्षानुवर्षे याच कथेचा दाखला देत आलो.

या पार्श्वभूमीवर ‘द लाँग नाईट’ची प्रतीक्षा आठ वर्षे चालू होती. निर्मात्यांनी कष्टात कसूर केली, असे कोणी म्हणू शकणार नाही. ८२ मिनिटांच्या या भागासाठी बाह्य चित्रीकरण ५५ रात्री चालले. दिग्दर्शक मिगेल सापोचनिक यांनी २०१६ मध्ये याच मालिकेत ‘बॅटल ऑफ द बास्टर्ड्स’ ही लढाई अत्यंत समर्थपणे उभी केली होती. येथेही आरंभीचे एक दृश्य विसरता येत नाही : हजारो घोडेस्वार पेटत्या शस्त्रांनिशी काळोखात झेपावतात आणि दूरवर त्या ज्वाला एकेक करून विझत जातात. एका शब्दाविना पराभवाची चाहूल लागते.

पुढे मात्र निराशा आहे. पडदा इतका काळवंडलेला की कोण पडले आणि कोण उरले, हे कळेना. त्यावर छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी प्रेक्षकांच्या दूरचित्रवाणी संचांच्या मांडणीकडे बोट दाखवले. युद्धशास्त्राचे म्हणाल, तर दगडफेकी यंत्रे तटाच्या आत ठेवायची सोडून पायदळाच्याही पुढे उघड्यावर मांडलेली. जे स्वार डोळ्यांदेखत नाहीसे झाले, त्यांच्यातले निम्मे पुढच्या भागात हयात निघतात. हे दोष खरे. पण केवळ एवढ्यासाठी हा लेख लिहिण्याची गरज नव्हती.

खरा दोष निकालात आहे. विंटरफेलचा गड पडत आला असताना आर्या ही तरुण मुलगी मृतांच्या राजावर झेप घेते, कट्यार एका हातातून दुसऱ्या हातात सोडते, एक घाव घालते आणि त्या क्षणी सबंध सेना कोसळते. एक मेला की त्याने उठवलेले सारे मरतात, याची तरतूद सातव्या पर्वात करून ठेवलेली होती, हे मान्य. आर्याचे कौशल्यही उपरे नाही. तिची तयारी आपण अनेक पर्वे पाहिली आहे. परंतु ज्या संकटावर सर्वांनी मिळून किंमत मोजल्याखेरीज उपाय नाही असे आठ वर्षे बजावले, ते एका कट्यारीने मिटले! सर्सी राणीने सैन्य धाडण्याचे वचन दिले होते आणि ते मोडले. तिच्या गैरहजेरीने या लढाईत काय बिघडले? काहीच नाही. उलट तिचे सैन्य शाबूत राहिले आणि जे लढले त्यांचे निम्मे झाले. पुढे तिचाही अंत होतो. पण तो निराळ्या कारणाने, या वचनभंगाचा जाब म्हणून नव्हे.

आपल्याकडच्या एका रात्रीच्या युद्धाची येथे आठवण होते. द्रोणपर्वात मशालींच्या उजेडात घटोत्कच कौरवसेनेची दाणादाण उडवतो आणि अखेर कर्णाला इंद्राने दिलेली अमोघ शक्ती त्याच्यावर सोडावी लागते. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवलेली असते आणि ती एकदाच वापरता येते. घाव येथेही एकच. पण त्याची किंमत दोन्ही पक्षांना चुकवावी लागते. पांडवांचा पुत्र जातो आणि कर्णाचे भवितव्यही त्याच रात्री ठरते. महाभारतकार कोणाचीच उधारी बुडू देत नाही.

निर्मात्यांचे समर्थक वेळेच्या अभावाकडे बोट दाखवतात. पहिल्या सहा पर्वांचे भाग प्रत्येकी दहा, तर शेवटच्या पर्वाचे अवघे सहा. पण हा तुटवडा आकाशातून पडलेला नव्हता. पैसा मुबलक होता. काटकसर झाली ती परिणामांची, आणि नेमकी तीच या कथेची खरी पुंजी होती.

त्या वर्षी जूनमध्ये वर्ग सुरू झाले. फळ्यावर बंधाऱ्याची आकृती काढून मी नेहमीच्या दाखल्याकडे वळलो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला : “सर, मग सर्सीने सैन्य पाठवले नाही, तेच शहाणपणाचे ठरले ना?” वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण त्या भागापुरते तरी त्या मुलाचे गणित बिनचूक होते. या मुलांच्या आयुष्यात पाण्याचे, हवेचे, उष्म्याचे जे प्रश्न येणार आहेत, त्यांच्यासाठी कोठलीही आर्या अंधारातून झेप घेणार नाही. दाखला मी आजही देतो. पण सातव्या पर्वापाशी थांबतो आणि पुढचा हिशेब मुलांनाच मांडायला सांगतो.