दुरून सुरू होणारी गाडी : सोय आणि जबाबदारी

चैत्र-वैशाखात शिरूर आणि दौंडच्या बाजारपेठेत भर दुपारी उभी केलेली गाडी म्हणजे तापलेली भट्टीच. पारा चाळिशीच्या आसपास, दुकानासमोर झाडाची सावली दुर्मीळ. नेमकी हीच लग्नसराईची वेळ. अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी असतात. घरातील वयोवृद्ध तपस्वी आणि लहान मुले यांना घेऊन सात आसनी गाडी कधी न्हावरे-चौफुला मार्गे, तर कधी पुणे-सोलापूर रस्त्याने धावत असते. अशा वेळी गादीवर बसल्या बसल्या बटण दाबावे, इंजिन व एसी सुरू व्हावा आणि मंडळी बाहेर येईपर्यंत गाडी गार झालेली असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे.

अलीकडच्या काही गाड्यांत उत्पादक कंपनीच ही सोय देते. जुन्या गाडीसाठी रिमोट स्टार्टरचे तयार संच बाजारात मिळतात. घरातील एखादा हौशी तरुण संच मागवून रविवारच्या सुट्टीत तो स्वतःच बसवण्याचा बेत करतो. तो बसवता येतो, यात शंका नाही. विचार करायचा तो एवढाच, की किल्ली फिरवण्यापूर्वी चालक नकळत ज्या गोष्टी पाहतो, त्या यापुढे कोण पाहणार?

हँडलपासून बटणापर्यंत

मोटारीच्या आरंभीच्या काळात इंजिन लोखंडी हँडल फिरवून सुरू करावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. अमेरिकेतील अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो प्रथम आला. आपल्याकडे जीप आणि अॅम्बॅसिडरच्या डिकीत हँडल त्यानंतरही कित्येक वर्षे असे. हँडल मारणारा माणूस गाडीच्या पुढ्यात उभा असे, किल्ली फिरवणारा आसनावर बसलेला असतो आणि बटण दाबणारा गाडीपासून दूर असतो. प्रत्येक टप्प्यावर श्रम कमी झाले, पण माणूस यंत्रापासून लांब गेला.

शिवारातील धडा

दूरनियंत्रित स्टार्टर शिरूर-दौंडला नवीन नाही. भीमा, घोड आणि कालव्यांच्या पाण्यावर पोसलेल्या या उसाच्या पट्ट्यात तो शेतीपंपांवर केव्हाच पोहोचला आहे. पंपांची थ्री-फेज वीज आळीपाळीने दिवसा व रात्री येते. रात्रपाळी आली की शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जावे लागते. वाटेत सापाची भीती असते आणि शिरूर तालुक्यात तर बिबट्याचीही. पुण्याचे इलेक्ट्रॉनिक्स अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आपल्या वृद्ध आजोबांची पंपासाठी होणारी अशीच पायपीट पाहिली होती. त्यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण विकसित केले. २००९ साली नोकिया कंपनीच्या नवसंशोधकांसाठीच्या जागतिक स्पर्धेत त्यास पारितोषिक मिळाले.

याच शिवारात दुसरे एक उपकरण दिसते. शेतकरी त्यास नुसते ‘ऑटो’ म्हणतात. वीज आली की ते पंप आपोआप सुरू करते. विहिरीत पाणी आहे काय, शेजारचे किती पंप त्याच क्षणी सुरू होत आहेत, याचा त्यास पत्ता नसतो. सारे पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर भार येतो आणि ते जळते. म्हणूनच महावितरण हे ‘ऑटो’ काढून कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन पुनःपुन्हा करते. मोबाईलवरील चांगला स्टार्टर मात्र वीज आहे की नाही ते मालकास कळवतो. तिन्ही फेज नसतील किंवा पंप कोरडा चालत असेल, तर जोडीला बसवलेले संरक्षक उपकरण मोटार बंद करते. एक स्टार्टर आंधळा आणि दुसरा डोळस, असा हा फरक आहे. गाडीच्या स्टार्टरची परीक्षाही याच कसोटीवर करावी.

संच बसवताना

किल्ली फिरते तेव्हा क्रमाने तीन गोष्टी घडतात. आधी इतर उपकरणांना वीज मिळते, मग इग्निशनला आणि शेवटी क्षणभर स्टार्टर मोटारीला. रिमोटचा संच हीच साखळी रिलेच्या साहाय्याने घडवतो. त्यासाठी किल्लीच्या कुलपामागील जाड तारांना जोड द्यावे लागतात. या तारांतून मोठा विद्युतप्रवाह वाहत असल्याने नुसती पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड येथे धोक्याचा ठरतो. उन्हात डॅशबोर्ड तापतो, पट्टीचा डिंक सुटतो आणि उघडी तार पत्र्याला टेकली की आग लागू शकते. जोड डाग देऊन किंवा योग्य पकडीने दाबूनच करावा. प्रत्येक मुख्य तारेवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, संचात सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज असावा.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. तार ओळखण्यासाठी टेस्ट लॅम्प वापरू नये, मल्टिमीटर वापरावा, कारण दिव्याने ओढलेला प्रवाह संगणकीय मंडलास इजा करू शकतो. स्टिअरिंगखालील पिवळ्या आवरणाच्या तारा सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये.

खरी अडचण पुढे येते. बहुतेक नव्या गाड्यांच्या किल्लीत एक चिप असते. ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. या चोरीप्रतिबंधक व्यवस्थेला चकवण्यासाठी काही जण दुसरी किल्लीच स्टिअरिंगच्या आवरणात कायमची दडवतात. तिजोरीला नवे कुलूप लावावे आणि किल्ली तिजोरीच्याच फटीत ठेवावी, तसाच हा प्रकार. गाडीला चिपची किल्ली असेल, तर घरगुती प्रयोग येथेच थांबवून जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे किंवा अधिकृत सेवा केंद्राकडे जावे.

यंत्राला डोळे द्या

आपल्याकडे गाडी उतारावर पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवण्याची सवय आहे. अशा गाडीचा स्टार्टर दुरून फिरवला, तर इंजिनाबरोबर चाकेही फिरतात आणि गाडी उडी मारून पुढे जाते. पुढ्यात मूल खेळत असेल, तर काय होईल हे सांगावयास नको. कित्येक गाड्यांत क्लच दाबल्याविना स्टार्टर फिरत नाही, तो याचसाठी. रिमोटचा संच हाच पहारेकरी बाजूला सारतो. म्हणून साध्या गिअरच्या गाडीत गिअर न्यूट्रलला असल्याची आणि हँडब्रेक ओढलेला असल्याची खातरजमा करणारी व्यवस्था नसेल, तर हा संच बसवूच नये. दोहोंपैकी एक तार ‘नंतर जोडू’ म्हणून सोडणे हाच सर्वांत मोठा धोका.

बॉनेट उघडे असताना इंजिन सुरू होऊ नये, यासाठी बॉनेटचा स्विच जोडावा. सीएनजीवरील काही गाड्यांत गॅस भरण्याचे झाकण उघडे असताना इंजिन सुरू होऊ न देणारा छोटा स्विच कंपनीनेच दिलेला असतो. तो कोणत्याही परिस्थितीत निकामी होता कामा नये. दहा मिनिटांत कोणी गाडीत बसले नाही, तर इंजिन आपोआप बंद व्हावे.

एक गोष्ट मात्र कोणताही स्विच पाहू शकत नाही. बॉनेटच्या उबेला मांजर शिरते, चाकाच्या आडोशाला कुत्र्याची पिले निजतात. चालक जवळ येतो, दार वाजते, तेव्हा ती पळून जातात. बटणाला मात्र आवाज नाही. आपल्या परंपरेत जिला जयणा म्हटले आहे, ती येथे प्रत्यक्ष आचरणाची बाब होते. गाडीभोवती एक फेरी मारून मगच बटण दाबावे.

बंद शटरमागील इंजिन

गावातील अनेक व्यापारी घरांत खाली दुकान किंवा वखार आणि वर बिऱ्हाड असते. गाडी रात्री शटरच्या आत लागते. तेथे रिमोटचे बटण चुकून दाबले गेले, तर इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड जिन्याने वर चढू शकतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. अमेरिकेत बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या गॅरेजमध्ये चालूच राहून माणसे दगावल्यानंतर टोयोटा कंपनीने तेथील २०२० च्या मॉडेलपासून इंजिन आपोआप बंद होण्याची व्यवस्था आणली. बंदिस्त जागेत गाडी ठेवणाऱ्यांनी हे उपकरण घेऊच नये, हे उत्तम.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२६ स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी उभ्या वाहनाच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती तरी हवी, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा वाहन आपोआप हलणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असावी. म्हणजेच भर पेठेत रिकाम्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे हे निदान वादाला निमंत्रण आहे. स्वतःच्या आवारातील गाडीची गोष्ट वेगळी.

विमापत्रातील अटही वाचावी. वाहन सुरक्षित राखण्यासाठी वाजवी काळजी घेणे ही विमाधारकाची जबाबदारी असते. कंपनीच्या किमतीत समाविष्ट नसलेली विद्युत उपकरणे जाहीर करून, वाढीव हप्ता भरून, पॉलिसीत नोंदवून घ्यावी लागतात. गाडी वॉरंटीत असेल, तर बाहेरून जोडलेल्या तारांमुळे विद्युत बिघाडाचा दावा नाकारला जाऊ शकतो. दोन्ही ठिकाणी आधी लेखी विचारणा करावी.

शेवटचा ताळेबंद

उभ्या गाडीत एसीसह ताशी एक लिटर इंधन धरले, तर रोज दहा मिनिटांप्रमाणे साठ दिवसांत दहा लिटर जाते. रक्कम मोठी नाही. मात्र तोच गारवा बिनखर्चाने बराचसा मिळवता येतो. काचेवर आतून पडदा लावावा, समोरासमोरची दारे मिनिटभर उघडावीत, पहिली दोन मिनिटे काचा खाली ठेवून गाडी चालवावी. गरम हवा बाहेर गेली की एसी लवकर गार करतो.

मुलांना किंवा वृद्धांना गाडीत बसवून ‘एसी चालू आहे’ या भरवशावर खरेदीला जाणे तर सर्वथा वर्ज्य. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००५ च्या अभ्यासानुसार बंद गाडीतील तापमान तासाभरात सुमारे २२ अंश सेल्सियसने वाढते आणि त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. इंजिन मध्येच बंद पडले, तर आत बसलेल्यांच्या हाती फार थोडा वेळ उरतो.

गाडी ऑटोमॅटिक असावी, ती खुल्या खासगी आवारात उभी राहत असावी, सुरक्षेचा प्रत्येक स्विच जोडलेला असावा, काम जाणत्या हाताने झालेले असावे आणि विमा कंपनीस कळवलेले असावे. या पाचही रकाने भरले, तर सोय अवश्य घ्यावी. एक जरी रकाना रिकामा असेल, तर किल्ली हातात घेऊन गाडीपर्यंत चार पावले चालत जाणेच श्रेयस्कर.