पोखरलेल्या महाधमनीला आतून आधार

महाधमनी हृदयातून निघून छातीतून खाली उतरते, पोटात मणक्याला लागून चालते आणि बेंबीच्या आसपास दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. वयोमानाने किंवा धूम्रपानाने येणारा तिचा फुगवटा सहसा वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. रक्तातून आलेले जंतू तिच्या भिंतीत घर करतात, तेव्हा मात्र काही दिवसांतच होत्याचे नव्हते होऊ शकते. युरोपात स्टॅफिलोकॉकस, तैवान-थायलंडकडे प्रामुख्याने साल्मोनेला ही भिंत पोखरतात आणि एका अंगाला पिशवीसारखा फुगा येतो. ताप, पाठदुखी, पोटदुखी ही लक्षणे शंभर आजारांत आढळणारी, म्हणून निदानाला उशीर होतो आणि फुगा आधीच फुटण्याची भीती असते. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत अशा संसर्गित फुगवट्यांचे वर्णन केले होते.

त्यावरचा जुना उपाय शल्यशास्त्राच्या मूळ नियमाला धरून होता: सडलेले सगळे काढून टाका. पोट उघडायचे, महाधमनीला चिमटा लावून रक्त थांबवायचे, कुजलेला भाग कापून जागा धुऊन काढायची आणि तिथे नवी नळी शिवायची किंवा काखेपासून जांघेपर्यंत कातडीखालून रक्ताला वेगळी वाट द्यायची. हे तर्काला पटते. पण रुग्ण बहुधा वृद्ध, तापाने खंगलेला, अनेकदा मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेला. इतका मोठा घाव त्याला सोसत नाही.

दुसरी वाट वेगळ्याच हेतूने तयार झाली. खार्किवमध्ये निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत आतून नळी बसवली. सप्टेंबर १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी पोटातल्या फुगवट्यावर तोच मार्ग वापरला. धातूची जाळी आणि तिला शिवलेले डेक्रॉनचे कापड, असा हा स्टेंट-ग्राफ्ट. जांघेतल्या धमनीतून आधी तार सरकवतात, मग तिच्यावरून घडी घातलेला ग्राफ्ट वर नेतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर मूत्रपिंडाच्या धमन्या पाहून जागा नक्की करतात आणि तिथे तो उलगडतात. गंजलेल्या पाइपात आतून नवा पाइप सरकवावा तसे हे काम आहे. रक्त नव्या नळीतून वाहू लागते आणि फुग्यावरचा दाब उतरतो.

संसर्ग असलेल्या जागी हे करावे का, हा खरा वादाचा मुद्दा. जंतूंच्या घरात परके कापड ठेवायचे आणि पू मागे सोडायचा, हे शल्यविशारदांना पटणे अवघड होते. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये छातीतल्या संसर्गित फुगवट्यांचे मोजके अनुभव मांडले, पण संख्या फारच लहान होती. मोठा आधार स्वीडनने दिला. तिथे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. उप्सालाच्या संशोधकांनी तिच्यातून १९९४ ते २०१४ या काळात पोटातल्या संसर्गित फुगवट्यावर उपचार झालेले १३२ रुग्ण अभ्यासले. तीन महिन्यांनंतर उघड्या शस्त्रक्रियेचे ७४ टक्के, तर आतून नळी बसवलेले ९६ टक्के रुग्ण हयात होते. पुढे मात्र दोन्ही गटांतले अंतर कमी होत गेले आणि दीर्घकाळाच्या जगण्यात ठोस फरक राहिला नाही. तरीही, परके कापड आत ठेवल्याने संसर्ग अधिक उलटेल ही भीती या आकड्यांत खरी ठरली नाही.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. नळी रक्तस्राव टाळते, जंतू मारत नाही. ते काम प्रतिजैविकांचे. रक्ताच्या तपासणीत जंतू सापडला तर नेमके औषध देता येते, पण अनेकदा तो सापडतच नाही. औषध आधी काही आठवडे शिरेतून आणि नंतर महिनोन्‌महिने तोंडाने चालते, काहींना जन्मभर. भोवती पू साचला तर सुई घालून तो काढावा लागतो. पुन्हा ताप आला, सी.टी. स्कॅनमध्ये नळीभोवती हवा दिसली किंवा आतड्याशी तिचा संबंध जडला, तर अखेर पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणूनच ही प्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाची पारख केवळ क्ष-किरण यंत्रावरून करू नये. तिथे जंतुशास्त्रज्ञ रोजच्या चर्चेत हवा, उघडी शस्त्रक्रिया करू शकणारा हात तयार हवा आणि घरी गेलेल्या रुग्णाला वर्षानुवर्षे तपासणीला बोलावणारी व्यवस्था हवी. छोट्या छेदातून मिळतात ते पहिले तीन महिने. पुढची वर्षे याच माणसांच्या चिकाटीवर अवलंबून असतात.